गंज

लकडगंजात वाढलेल्या माणसाला ‘गंज’ या शब्दाचा अर्थ विचारला, तर उत्तर देण्याआधी तो क्षणभर थांबेल. गंज म्हणजे बाजार. लाकडाचा बाजार म्हणून वस्तीला हे नाव. गंज म्हणजे वैदर्भी स्वयंपाकघरातले वरणभाताचे पातेले. आणि लोखंडावर चढतो तोही गंजच. गेल्या हिवाळ्यात, आईच्या पश्चात घर रिकामे करताना, हे तिन्ही गंज आमच्या अंगणात एकदम येऊन बसले.

आम्ही तिघे भावंडे. थोरली नागपुरातच, मधला पुण्यात, धाकटा अमेरिकेत. घर पाडले जाणार हे ठरलेले होते आणि हाती डिसेंबरचे तीन रविवार होते. सामान अंगणात मांडावे, प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावावी, ज्याला हवे त्याने न्यावे, ही कल्पना धाकट्याची. त्याच्याकडे लोक दर उन्हाळ्यात असे करतात म्हणे. कल्पना सोपी होती. अडलो ते पहिल्याच चिठ्ठीपाशी.

आपल्याकडे घरातल्या वस्तूची किंमत घरधनी लिहीत नाही, हे तेव्हा प्रथमच ध्यानात आले. रद्दी आणि भंगार काट्यावर जाते, जुने कपडे देऊन बोहारणीकडून भांडे घेतले जाते, उरलेले माळ्यावर जाते किंवा ‘असू द्या तुम्हांला’ म्हणून कोणाच्या तरी पदरात पडते. जाहीर विक्रीसाठी मराठीने दोन शब्द जवळ केले, आणि दोन्ही बाहेरून आलेले: लिलाव पोर्तुगिजांकडून, हर्रास अरबी-फारसीच्या वाटेने. दोन्हींत बोली समोरचा लावतो. मालकाने गप्प बसायचे असते. स्वतःच्या हाताने आईच्या पोळपाटावर ‘४० रुपये’ असे लिहिणे यासाठी आमच्याजवळ शब्दही नव्हता आणि रीतही नव्हती.

लाकडाचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. शेजारच्या काकांची सारी हयात वखारीत आणि आरामशीनच्या आवाजात गेलेली. त्यांनी जेवणाच्या टेबलाखाली वाकून नखाने लाकूड खरवडले, वास घेतला, ‘आलापल्लीचं सागवान’ एवढेच म्हणाले आणि टेप काढून घनफूट मोजायला लागले. (२०२३ साली दिल्लीत नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्यातले सागवान नागपूरहून गेल्याचे वाचून आईने याच टेबलावर थाप मारली होती.) टेबलाच्या पायांवरचे कोरीव काम आम्ही कौतुकाने दाखवले, तर काकांनी ते आकारमानातून वजा केले. कोरलेल्या ठिकाणी सलग फळी निघत नाही, खिळ्यांची भोकेही सोडून द्यावी लागतात. कारागिरी हा लाकडाच्या बाजारात खोट्याचा भाग असतो, हे लकडगंजात इतकी वर्षे राहूनही आम्हांला ठाऊक नव्हते.

पितळेने मात्र छळले. नागपूरच्या पूर्वेला भंडारा. पितळेच्या भांड्यांचे गाव म्हणूनच ते ओळखले जाते. आमच्या घरातला मोठा गुंडही तिकडचाच, आत्याच्या लग्नातला. काठावर ठिपक्यांनी कोरलेले तिचे नाव, देणाऱ्याचे नाव, तिथी आणि शेवटी ‘सप्रेम भेट’. आत्या सासरहून तीन वर्षांत परत आली, गुंडासकट. ती पुढे याच घरात राहिली, याच घरात गेली, आणि त्या लग्नाविषयी कोणी बोलले नाही. त्या लग्नाचा एकमेव लेखी पुरावा म्हणजे तो काठ. इतवारीतल्या दुकानदाराने गुंड काट्यावर ठेवला, लोखंडी कड्यांचे वजन वजा केले आणि मोडीचा भाव सांगितला. मोड म्हणजे वितळवण्यासाठी दिलेले जुने भांडे. परंपरा, संस्था, संकेत मोडीत काढण्याविषयी आपण वर्गात आणि व्यासपीठावर किती सहज बोलतो. हा वाक्प्रचार ज्या काट्यावरून आला तो काटा आम्ही प्रथमच पाहत होतो. नाव कोरलेले असल्याने भाव वाढत नाही, आणि कमीही होत नाही, हे त्याने न विचारताच सांगितले. गुंड परत घरी आला.

पुण्यात दिनकर केळकर, म्हणजेच ‘अज्ञातवासी’ कवी, जुन्या वाड्यांतून आणि बाजारांतून असेच दिवे, अडकित्ते, भांडी गोळा करीत हिंडले. त्यातून अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभे राहिले आणि १९७५ साली त्यांनी ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. केळकरांच्या चिकाटीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला त्या आठवड्यात कुतूहल होते ते विकणाऱ्यांचे. अडकित्ता हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या त्या घरच्या बाईने काय आकडा सांगितला असेल, आणि तो कुठून आणला असेल?

आकडा कुठून येतो यावर शास्त्रात प्रयोग झाले आहेत. डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले. ते विकायला त्यांनी मागितलेली किंमत ही मग नसलेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. मग हाती येऊन काही मिनिटेच झाली होती. आमच्या हाती हे घर पन्नास वर्षे होते. तरी सांगितले पाहिजे की आमचे आकडे चढे नव्हतेच, उलट लाजिरवाणे उतरते होते. चाळीस, वीस, ‘द्या काहीही’. जास्त मागितले तर आईला विकल्यासारखे वाटेल, ही धास्ती.

आईच्या उषा शिवणयंत्रावर आम्ही चिठ्ठीच लावली नाही. बावीस वर्षे घरी काम करणाऱ्या बाईंनी ते मागितले होते. “घेऊन जा, पैसे कसले,” मधला म्हणाला. बाई अंगणातच उभ्या राहिल्या. “मले फुकट नाही पाहिजे, दादा. भाव सांगा.” आम्ही पाचशे म्हटले. त्यांना राग आल्याचे दिसले. इतवारीत अशीच मशीन दोन हजाराला आहे, त्या विचारून आल्या होत्या; पट्टा नवा लागेल, पायडल आवाज करते, म्हणून चारशे कमी. सोळाशे. चारशे आज, बाकीचे दोनशेच्या हप्त्याने.

मार्सेल मॉसने १९२५ च्या आपल्या दानावरील निबंधात म्हटले आहे की कोणतीही भेट फुकट नसते, ती परतफेड मागत राहते. ते खरे, पण इथे आमच्याच पदरी काही निघाले. हप्ते लिहायला आईची हिशेबाची वही काढली, तेव्हा त्याच वहीत मशीनचे दरमहा २५ रुपयांचे हप्ते सापडले, आणि पुढच्या पानांवर बाईंचा पगार. २००६ ते २०१० अशी चार वर्षे तो ६०० रुपयांवर थांबलेला. गव्हाचा भाव दर वर्षी वाढलेला, त्याच शाईत. आईला आम्ही उदार म्हणत आलो. फुकट मशीन देऊन आम्ही कोणता हिशेब मिटवू पाहत होतो, ते तिघांनाही कळले. कोणी काही बोलले नाही. बाईंना ती पाने दिसली नसावीत. अर्थात त्यांना पाहण्याची गरजही नव्हती.

तिसऱ्या रविवारी अंगणात उरले ते भंगारवाल्याने तीनचाकीवर लादले. गुंड आता थोरलीकडे आहे, वहीही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी बाईंनी हप्त्याचे दोनशे आणून दिले. थोरलीने त्यांच्याकडे दोन ब्लाउज शिवायला टाकले होते. त्याची शिलाई हप्त्यातून वळती करून घ्या, असे तिने सुचवले.

“हप्ता येगळा, शिलाई येगळी, ताई,” बाई म्हणाल्या, आणि वहीत दोन ओळी लिहून होईपर्यंत थांबल्या.