हरभऱ्याचं दुसरं पाणी आणि पाच पिक्चर



आधी शेताचं सांगतो. हरभरा घाट्यात आलाय, दुसरं पाणी चालू आहे. स्प्रिंकलरवर तीन-तीन तासांची पाळी. आमची जमीन काळी आणि भारी. अशा जमिनीत हरभऱ्याला पाणी जास्त झालं की पीक उभळतं, नुसता पाला वाढतो, घाटे कमी लागतात. म्हणून पाटानं पाणी द्यायचं मी सोडलं, त्याला चार वर्षं झाली. थ्री फेज लाईट या आठवड्यात रात्रीची आहे. दहाला आखाड्यावर जायचं, मोटर चालू करायची, तीन तासांनी उठून पाईप हलवायचे आणि परत येऊन बसायचं.

या तीन तासांत करायचं काय? झोपलं तर जाग येत नाही, मग एकाच जागी पाणी मुरत राहतं. म्हणून पोरानं मोबाईलवर पिक्चर लावायला शिकवलं. तो यंदा बारावी होऊन बीएससी ॲग्रीला गेलाय. दर शनिवारी घरी येतो आणि आठवडाभराची यादी देऊन जातो. आमची कारभारीण पण रात्री सोबत येते. मोबाईल बियाण्याच्या डब्याला टेकवायचा, दोघांत एक घोंगडी, शेकोटी आणि पिक्चर.

मी काही पिक्चरचा जाणकार नाही. वर्षाला एखादा बघणारा माणूस. पण पंधरा दिवसांत पाच बघून झाले, म्हणलं इथं लिहावं. स्टार वगैरे देत नाही, आपल्या पद्धतीनं पैसेवारी देतो. पन्नास पैशांच्या आत आला तर दुष्काळ समजायचा. आणि ही नजरअंदाज पैसेवारी आहे, अंतिम नाही, तेव्हा हरकती घ्यायला मोकळे आहात.

पहिला, पुष्पा 2. हा तीन तास वीस मिनिटांचा आहे, म्हणजे एका पाळीत मावत नाही. मधी उठून पाईप हलवून आलो. परत येऊन बघतो तर काही चुकलं असं वाटलं नाही, हाणामारी तिथंच चालू. जत्रेतला साडी नेसून नाचतो आणि भांडतो तो भाग मात्र आवडला. तिथं तो माणूस अंगात आल्यासारखाच करतो, आपल्या गावच्या जत्रेची आठवण झाली. बाकी एक माणूस शंभरांना लोळवतो. माझ्याच्यानं स्प्रिंकलरचा पाईप एकट्यानं नीट जोडला जात नाही, त्यामुळं पटलं नाही. पैसेवारी 45.

दुसरा, लापता लेडीज. किरण राव यांचा, 2024 चा. रेल्वेत घुंगटामुळं नवऱ्या बदलतात ती गोष्ट. कारभारीण पोट धरून हसली आणि नंतर बराच वेळ गप्प बसली. त्यातली जया नावाची पोरगी लग्नाच्या बेडीतून सुटून डेहराडूनला जैविक शेती शिकायला जायचं बघते. मी म्हणलं, बघा, तिकडं पोरगी शेती शिकायला घर सोडते आणि इकडं ॲग्री शिकलेली पोरं शेती सोडून एमपीएससीच्या लायब्ररीत बसतात. हे पोराला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "पप्पा, भाव नीट द्या, मग बघा कोण पळतं." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पिक्चर 2001 सालात घडतो, म्हणून शेतकरी नवऱ्याला बायको मिळालेली दाखवलीय ते पटलं. आज आमच्या गावात तिशी ओलांडलेली किती पोरं बिनलग्नाची आहेत, ते मोजत नाही. पैसेवारी 75.

तिसरा, मंथन. जुना, 1976 चा. श्याम बेनेगल यांचा, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून हा पिक्चर काढला. म्हणजे दहा लाख रुपये आणि निर्माते कोण, तर धारा काढणारी माणसं. 2024 ला त्याची नवी स्वच्छ केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली. जरा संथ आहे. पण फॅट तपासायचा विषय निघाला तिथं मी सरळ होऊन बसलो. डेअरीवर फॅट आणि एसएनएफची चिठ्ठी हातात पडताना पोटात काय होतं, ते ज्याच्या दावणीला म्हैस आहे त्यालाच कळतं. गिरीश कर्नाडांचा डॉक्टर शेवटी गाव सोडून जातो आणि सोसायटी गावातल्या भोलालाच पुढं न्यावी लागते. या पानावर कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले साहेब लोक पण आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, हा शेवट बघा. तुमची बदली होणारच. जायच्या आधी गावात एक तरी भोला तयार झाला का, एवढं बघून जात जा. पैसेवारी 80.

चौथा, कडैसी विवसायी. तमिळ आहे, 2022 ला आलेला. नावाचा अर्थ शेवटचा शेतकरी. खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती मला पटापट वाचता येत नाहीत, पण फारशी गरज पडली नाही. गावात शेती करणारा एकच म्हातारा उरलाय, मायांडी. ऐकायला कमी येतं. ग्रामदेवतेच्या उत्सवाला नवं भात लागतं आणि ते पिकवणार कोण, तर हाच. तो रोप टाकतो. मग त्याच्या शेतात मेलेले मोर सापडतात. म्हातारा भल्या मनानं त्यांना मातीत पुरतो आणि मोर मारले म्हणून केस त्याच्याच अंगावर येते. राष्ट्रीय पक्षी तो. म्हातारा कोठडीत, आणि त्याला काळजी कोर्टाची नाही, रोपाला पाणी कोण देणार याची. न्यायाधीश बाई समजूतदार निघतात, त्या पोलिसालाच पाणी द्यायला लावतात. खाकीतला माणूस दुसऱ्याच्या वाफ्याला पाणी देतोय हे बघून मी आखाड्यात एकटाच टाळी वाजवली. कारभारीण म्हणे, "हळू, डुकरं पळतील." म्हणलं, पळाली तर बरंच आहे.

मायांडीचं काम केलंय नल्लांडी यांनी. ते खरेच शेतकरी, नट नव्हेत. पिक्चर लोकांसमोर यायच्या आधीच ते गेले. राष्ट्रीय पुरस्कारात त्यांच्या कामाचा खास उल्लेख झाला, तो त्यांच्या मागं. त्यांचं चालणं बघा, बांधावर पाय कसा टाकतात बघा. शिकवून येणारी गोष्ट नाही ती.

एका ठिकाणी माझं पिक्चरशी पटलं नाही. विकतच्या बियाण्यावर त्यात राग आहे. माझं मत असं की हे पीक बघून ठरवावं. सोयाबीनचं बी आम्ही घरचंच राखतो, कारण ते सरळ वाण आहे. पेरायच्या आधी गोणपाटात शंभर दाणे घालून उगवण बघायची, सत्तर उगवले की पेरायला हरकत नाही. कपाशीचं बी मात्र दरवर्षी विकतच आणतो, कारण संकरित वाणाची सरकी परत पेरली तर तसं पीक येत नाही. यात बी विकणारा पापी आणि राखणारा देवमाणूस असं काही नाही. एवढं सोडलं तर पिक्चर सोन्यासारखा. पैसेवारी 95. पाच पैसे खालच्या इंग्रजी अक्षरांचे कापले.

आता पाचवा. हा गेल्या मंगळवारी बघितला आणि त्याच्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलोय.

गाभ्रीचा पाऊस. 2009 चा, सतीश मनवर यांचा. विदर्भातला कापूसवाला किसना, म्हणजे गिरीश कुलकर्णी, आणि त्याची बायको अलका, म्हणजे सोनाली कुलकर्णी. शेजारचा शेतकरी जीव देतो आणि तिथून अलकाच्या मनात भीती बसते की आपला माणूस पण असं काही करील. ती त्याला काही विचारत नाही. गोडधोड करून घालते. पोराला त्याच्या मागं मागं पाठवते. किसनाला बिचाऱ्याला कळतच नाही की आज घरात सण नसताना पुरण का शिजतंय आणि हे पोरगं आपल्या पायात का घोटाळतंय. बघताना हसू येतं, खरंच येतं. शेवट सांगत नाही, तुम्ही बघा.

मी पण हसत होतो. पोरगं बापाच्या मागं पळतंय ते बघून म्हणलं, "हे आपल्या बाळ्यासारखंच झालं की. तो पण तिसरीत असताना असाच मागं लागायचा."

कारभारीण काही बोलली नाही. शेकोटीतलं लाकूड सारखं करत बसली.

जरा वेळानं म्हणाली, "मीच पाठवत होते त्याला."

मंडळी, 2014 ला पावसानं दगा दिला होता आणि 2015 ला परत दिला. आमची दोन्ही बोअर आटली. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते तुम्हाला आठवत असेल. आम्ही तेव्हा दुबार पेरणी केली होती, सोसायटीचं कर्ज होतं, बायकोचे दागिने गहाण होते, आणि वर हातउसने घेतले होते ते कोणालाच माहीत नव्हते. मी बोलायचो नाही. रात्री आखाड्यावर येऊन पडायचो. राखायला शेतात काही नव्हतं तरी यायचो.

आणि पोरगं यायचं. वही-पेन्सिल घेऊन. "पप्पा, मला तुमच्यासंगं झोपायचंय." मला वाटायचं लेकराला शेताची ओढ आहे. मी लोकांना कौतुकानं सांगायचो. फवारणीची औषधं त्या वर्षी घरातून उचलून धाकट्या भावाकडं ठेवली होती. कारभारीण म्हणाली होती घरात जागा नाही, उंदरं झालीत. मी मान हलवली. आई सत्तरीची, ती रोज दुपारी भाकर घेऊन स्वतः शेतात यायची आणि मी जेवेपर्यंत समोर बसायची. मला वाटायचं म्हातारीला घरात करमत नाही.

दहा वर्षं मी असंच समजत होतो.

"मग तू रात्री सोबत येतेस ते?" मी विचारलं.

"साप-किरडू असतंय," म्हणाली. मग म्हणाली, "आधी त्याच्यासाठी यायचे. नंतर सवय लागली."

मी उठून पाईप बदलायला गेलो. पाळी संपायला अजून अर्धा तास होता, तरी गेलो. तुषाराचं पाणी अंगावर घेत उभा राहिलो थोडा वेळ. त्या वर्षी माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो की तिची भीती खोटी नव्हती.

पिक्चर बघताना मी पाच रात्री एकच गोष्ट तपासत होतो, शेतकरी खरा दाखवलाय का. बैल कसे जुंपतो, बोलतो कसा, औत कसं धरतो. किसनाकडं पण तसंच बघत होतो. त्याच्या बायकोकडं माझं लक्षच नव्हतं. ते दाखवून द्यायला माझीच बायको शेजारी बसलेली असावी लागली.

आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीत आमचं सोयाबीन चार दिवस पाण्यात होतं. शेंगांना जागेवर कोंब फुटले. एकरी पोतंभर पण हाती आलं नाही. तेव्हापासून पोरगा दर शनिवारी घरी येतोय. हॉस्टेलचं जेवण चांगलं नाही म्हणतो. रोज रात्री फोन करून विचारतो, "आज कोणता बघितला? कसा वाटला?" मला वाटलं त्याला पिक्चरचा नाद आहे.

बुधवारी सकाळी घरी आल्यावर चहा घेतला, सोसायटीचं पासबुक काढलं, कृषी सेवा केंद्राची उधारी, हातउसने, सगळं एका कागदावर लिहिलं आणि कारभारणीच्या हातात दिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पूर्ण आकडा तिनं पहिल्यांदा बघितला. तिला वाटत होतं त्याच्यापेक्षा तो कमी निघाला. म्हणाली, "एवढंच? मी तर दुप्पट धरून चालले होते." मग दोघांनी मिळून ठरवलं की हरभरा निघाला की आधी कोणाचे द्यायचे. शनिवारी पोरगा आला, त्याला पण कागद दाखवला. त्याला सांगितलं, मी बरा आहे, आणि नसलो त्या दिवशी तुम्हाला आधी सांगीन. तो म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "तरी पुढच्या शनिवारी येतो." म्हणलं, ये.

या पिक्चरची पैसेवारी मी काढली नाही. घरचं शेत असलं की माणसाला नजरअंदाज नीट धरता येत नाही.

यंदा मराठवाड्यात ज्यांचं ज्यांचं गेलंय त्यांना एकच सांगणं. तुमच्या मागं घरातलं कोणी विनाकारण शेतात येत असेल, ताटात अचानक गोड पडत असेल, तर चिडू नका. बसवून घ्या आणि आकडा सांगा. आणि शेजारच्या आखाड्यावर कोणी रात्री एकटाच बसलेला दिसला तर पाणी मागायच्या निमित्तानं का होईना, जाऊन या. मोबाईल सोबत न्या, एखादा पिक्चर लावा.

पाऊण वाजला. मोटर नीट चालतेय, दाब बरा आहे. आता उत्तरेकडच्या दहा ओळींवर पाईप न्यायचेत. अजून तीन रात्रींचं पाणी बाकी आहे, तेव्हा चांगला पिक्चर असेल तर खाली सुचवा. दोन-अडीच तासांत संपणारा पाहिजे, म्हणजे पाळीत बसतो. कारभारणीची अट आहे, विनोदी असावा.