नीट

शाळेत गुरुजी म्हणायचे, नीट या. म्हणजे नखं कापून, धुतलेली कापडं घालून. (गुरुजींच्या धोतराला तंबाखूचे डाग असायचे, ते सोडा.) आईनं माझा एकुलता सदरा राखेच्या पाण्यात उकळला, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. तो घालून चावडीपुढनं निघालो तर एक जण बसल्या जागेवरनं बोलला, ‘‘लई कडक दिसतोस. नीट राहा.’’

हा ‘नीट’ शब्दकोशात शोधू नका, गावात या. मळके राहिलो तर घाणेरडे, नीटनेटके राहिलो तर माजले.

दोस्तांनो, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना सांगितलं, ज्या पेहरावावरनं अस्पृश्य म्हणून ओळखू येतं तो टाका, वरच्या जातीतल्या बाया नेसतात तसं लुगडं नेसा. लुगड्याच्या निऱ्यांनी गावाचं काय बिघडत होतं? पण बिघडत होतं. म्हणून तर सदऱ्याच्या इस्त्रीलाही धमकी मिळते.

पुढं कॉलेजला निघालो की आई उंबऱ्यात यायची. ‘‘नीट जा रं बाबा.’’ आधी माझी कॉलर बघायची, मग चावडीकडं.