देवरूप वर

मुलीच्या लग्नाची पत्रिका छापण्यास वाशीतील एका छापखान्यात गेलो असता मालकांनी मजपुढे एक नमुना ठेवला. लक्ष्मीनारायणाच्या चित्रावर वधूवरांचे चेहरे बसविलेले होते. "हल्ली हेच चालते, सर," ते म्हणाले.

कल्पना जुनीच आहे. लंडनमध्ये १७३१ साली 'जंटलमन्स मॅगझिन' व १७३२ साली 'लंडन मॅगझिन' निघाले. त्या शतकातील मासिकांतून उमरावांच्या विवाहाची रूपकचित्रे येत. मशाल घेतलेला विवाहदेव हायमेन, बालरूप मदन आणि दोन घराण्यांची मानचिन्हे ही त्यांतील नेहमीची सामग्री. वराचे कर्ज अथवा वधूचे मन मात्र तेथे दिसावयाचे नाही. ते दाखविले हॉगार्थने. १७४५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सहा चित्रांच्या मालिकेत पहिल्याच चित्रात दोन बाप कागदपत्रे पुढे घेऊन सौदा करीत आहेत आणि वधूवर एकमेकांस पाठमोरे बसले आहेत.

आपण त्यांस हसण्याचे कारण नाही. कन्यादानाच्या वेळी वधूपिता वरास विष्णुरूप मानून त्याचे पाय धुतो. वयाने पित्यासमान असलेल्या माझ्या सासऱ्यांनी माझे पाय धुतले, तेव्हा मीही देवासारखा स्वस्थ बसून राहिलो. त्या लग्नासाठी त्यांनी काढलेले कर्ज मला कळले ते पुष्कळ वर्षांनी, त्यांच्या पश्चात.

१८९४ साली रविवर्म्यांचा छापखाना गिरगावात निघाला आणि देवादिकांची चित्रे घरोघर गेली. आमच्या आजीच्या माजघरात रविवर्म्यांचे हंसदमयंतीचे चित्र होते. आजी त्याची कथा सांगे. स्वयंवरात चार देव नळाचे रूप घेऊन बसले. देवांना घाम येत नव्हता, त्यांची सावली पडत नव्हती, गळ्यातील हार सुकत नव्हते, पाय भूमीस टेकत नव्हते. ज्याचा हार सुकला होता, ज्याच्या अंगावर घाम व धूळ होती, त्याच्याच गळ्यात दमयंतीने माळ घातली. देव होऊन आलेल्यांस नाकारून तिने माणूस निवडला.

नमुना परत करून मी साध्या अक्षरांची पत्रिका सांगितली. पाय धुण्याचा विधी नको, असे जावयाने आपणहून कळविले आहे. जे मला माझ्या लग्नात सुचावयास हवे होते, ते त्यास सुचले.