अळ्या पडलेला मेंदू

नावच बघा. 'मॅगट ब्रेन'. म्हंजे अळ्या पडलेला मेंदू. १९७१ साली डेट्रॉइटच्या फंकाडेलिक नावाच्या काळ्या पोरांनी ही तबकडी काढली. वेष्टनावर जमिनीतून वर आलेलं काळ्या बाईचं नुसतं डोकं, आ वासून किंचाळणारं. उलटून बघावं तर मागं कवटी.

गोदीतल्या एका दोस्तानं मला तिची कॅसेट दिली. नावाचा अर्थ सांगून तो हसला. मी हसलो नाही. आमच्या आज्यानं जन्मभर मेलेली ढोरं ओढली. अळ्या म्हंजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पहिलंच गाणं दहा मिनिटांचं. गाणं कसलं? सुरुवातीला चार वाक्यं बोलल्यागत येतात, मग नुसती गिटार. वाजवणारा एडी हेझल, विशीतलं पोरगं. टोळीचा म्होरक्या जॉर्ज क्लिंटन सांगायचा, मी त्याला म्हणालो, तुझी आई मेल्याचं आत्ताच कळलंय असं समज आन् वाजव. वाजवून झाल्यावर क्लिंटननं बाकीच्यांचा बाजा जवळजवळ पुसून टाकला. मागं एक गिटार सावकाश तेच ते सूर छेडत राहते, आणि पुढं एडी एकटा.

आमच्या लोकांकडं मर्तिकाचा सांगावा पोचवायचं काम असायचं. मरण पाटलाच्या घरचं, आणि रात्री-अपरात्री काट्याकुट्यातून पळायचं आमच्या माणसानं. स्वतःची माय मेली तर रडायलाबी सवड नाही. ती गिटार ऐकताना मला हे सारखं आठवतं. आधी घोगरी, घशात अडकल्यासारखी. मग फुटते. मग एवढी वर जाते की आता तार तुटणार वाटतं. तुटत नाही. पुन्हा खाली येऊन हळूहळू बोलत बसते. इथं कुणी कुणाचा सांगावा नेत नाही. पोरगं आपल्याच आईसाठी रडतंय, आणि पाहिजे तेवढा वेळ घेतंय.

एवढंच असतं तर शोकगीत म्हणून बाजूला ठेवलं असतं. पण दुसऱ्याच गाण्यात साधी लाकडी गिटार आणि चर्चमधल्या भजनासारखे गळे. मग बर्नी वॉरेलचा ऑर्गन. तो बॉस्टनच्या संगीतशाळेत शिकलेला, आणि ते शिक्षण इथं खुशाल धुळीत लोळवतो. 'सुपर स्टुपिड'मध्ये कडक रॉक, आणि शेवटी 'वॉर्स ऑफ आर्मागेडन'मध्ये गर्दीचा कालवा, लेकराचं रडणं, स्फोट. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही म्हणणारे म्हणोत. ज्यानं गण, गौळण, बतावणी आणि वग एकाच रात्री एकाच कनातीत बघितलाय, त्याला हे नवीन नाही. आपल्या जलशांनी तर त्याच साच्यात बाबासाहेबांचा विचार घातला.

क्लिंटनची सुरुवात न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डला, केस कापायच्या दुकानात. तिथं काळ्यांचे कुरळे केस सरळ करून मिळायचे. मागच्या खोलीत गाण्याची तालीम. (आमच्या गावचा न्हावी आमच्या डोक्याला हात लावत नव्हता. हे जाता जाता.) तेव्हा हीबी पोरं सूट घालून, ओळीत उभी राहून गायची. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीत तर गाणाऱ्यांना चालावं कसं, बसावं कसं याचे धडे देत. गोऱ्यांच्या दिवाणखान्यात खपायचं तर तसं वागणं आलंच. या पोरांनी सूट फेकले. क्लिंटन चादर नाहीतर लंगोट गुंडाळून मंचावर यायला लागला. सरळ केलेल्या केसांचा धंदा संपला.

आमच्या हापिसातला एक साहेब मला म्हणाला होता, "तुमच्याकडं हलगी काय सुंदर वाजवतात हो! हे परकं कशाला?" आणि चळवळीतला माझा कवी दोस्त विचारतो, "ह्यात समाजासाठी काय हाय?" दोघंबी मला एकाच खुंटीला बांधतात. साहेबाला मी निदान ओळखून आहे. दोस्ताला कसं सांगू? रॉक काय गोऱ्यांच्या बापाचं नाही. सिस्टर रोझेटा थार्प, चक बेरी, ही काळी माणसं. पण १९७१ उजाडेपर्यंत विजेची गिटार म्हंजे गोऱ्यांची, असं ठरून गेलं होतं. जिमी हेंड्रिक्स तर १९७० लाच गेलेला. अशा वेळी या पोरांनी ती परत उचलली. कुणी काय वाजवायचं, हे गावानं ठरवायचं नाही, असं ते वाजवून सांगतात. यात समाजासाठी काय हाय म्हणतोस? अरे, हेच हाय.

१९७२ ला मुंबईत आपण ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. त्यांच्या कविता घेतल्या, पुस्तकांची नावं तोंडपाठ केली. त्यांची गिटार मात्र उंबऱ्याबाहेर ठेवली.

एडी १९९२ ला वारला. बेचाळीस वर्षांचा होता. कवी दोस्ताला कॅसेट दिली होती, ती त्यानं अजून परत केलेली नाही. मागायला जात नाही मी. ऐकत असंल.