सतरा सप्टेंबरनंतरचा इतिहास

आज झेंडावंदनानंतर हैदराबाद मुक्तिसंग्रामाची हकीकत मुलांना सांगण्याचे काम रिवाजाप्रमाणे मजकडे आले. अर्जापूरला हौतात्म्य पावलेले गोविंदराव पानसरे, स्वातंत्र्यसैनिकांनी लुटलेली उमरीची बँक, स्वामी रामानंद तीर्थांचा सत्याग्रह, लातुरात वकिली करता करता निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या झालेला कासीम रझवी, हे सारे मी न अडखळता सांगतो, कारण त्यात जुलमी कोण आणि पीडित कोण याचा निवाडा केव्हाच होऊन गेलेला आहे.

समारंभातली ही हकीकत निजाम शरण आला त्या १७ सप्टेंबर १९४८ ला संपते. त्यानंतर मुसलमानांच्या ज्या कत्तली झाल्या, त्यांची चौकशी करून पंडित सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज सरकारास कळविला आणि सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्या पंक्तीस आमचे नांदेडही बसविले. तो अहवाल मात्र कित्येक दशके सरकारी दप्तरात पडून राहिला. जर्मनीतील शाळांत ज्यूंच्या संहाराचा पाठ टाळता येत नाही, हे आपण मोठ्या कौतुकाने एकमेकांना सांगतो. (दुसऱ्याच्या पापाचे अध्यापन नेहमीच सोपे!)

रझाकारांची गोष्ट रंगात आली की पुढच्या बाकावरची मुले सरसावून बसतात, आणि खिडकीकडची दोन-तीन मुसलमान मुले तेवढ्यापुरती वहीत मान घालून समास आखू लागतात. मुख्याध्यापकांचे म्हणणे, नववीच्या पोरांना त्या कत्तलींचे कशाला? मला वाटते, खिडकीकडच्या मुलांना घरी ते ठाऊक असतेच. ठाऊक नसते ते बाकीच्यांना.