पूर्णेच्या डोंग्यात

बैतूल जिल्ह्यातील सातपुड्याच्या पठारावर तीन नद्यांचे उगम एकमेकांपासून फारसे दूर नाहीत. त्यांतली वर्धा दक्षिणेकडे वळते आणि वैनगंगेला मिळून प्राणहितेच्या रूपाने गोदावरीत, म्हणजे अखेर पूर्वसमुद्रात जाते; तापी आणि पूर्णा या दोघी मात्र गाविलगडाचा डोंगर मध्ये ठेवून, एक उत्तरेकडून आणि एक दक्षिणेकडून, पश्चिमेची वाट धरतात व चांगदेवाजवळ पुन्हा एकत्र येतात. पूर्णा आधी अमरावती जिल्ह्यातून आणि मग अकोला जिल्ह्यातून वाहते. माझे ज्येष्ठ बंधू अमरावतीस राहतात आणि मी अकोल्यास; म्हणजे नदीच्या हिशेबाने वरच्या अंगाला दादा आणि खालच्या अंगाला मी.

जुन्या दप्तरांत पयनघाट म्हणून नोंदलेल्या या सखल, काळ्याभोर प्रदेशाचे नाव काढताच कापूस, ज्वारी, जिनिंगचे कारखाने आणि वैशाखातले ऊन एवढेच परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. मासे आठवत नाहीत. परंतु पूर्णेच्या थडीवर वसलेल्या जुन्या गावांतून नदीकडे उतरणाऱ्या वाटेने जावे तो भोयांची चारदोन घरे लागतात, कुडावर जाळे वाळत टाकलेले असते, आणि दारातली म्हातारी तुटलेल्या फासांना गाठी मारीत असते. कापसाच्या भावाची चर्चा गावाच्या पारावर जितकी गंभीरपणे चालते, तितक्याच गंभीरपणे या घरांत नदीच्या पाण्याचा रंग, डोहाची खोली आणि वाऱ्याची दिशा यांची चर्चा चालते. वऱ्हाडाच्या साहित्याने शेतकऱ्याकडे पुष्कळ पाहिले, भोयाकडे फार थोडे पाहिले, हे मला नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे.

वडिलांच्या पश्चात आमच्या नदीकाठच्या शेताची वाटणी झाली. ती अगदी शांतपणे झाली. तंटाबखेडा नाही, कोर्टकचेरी नाही. मोजणीदाराने हद्द कायम केली, नव्या धुऱ्यावर दगड रोवले गेले, तलाठ्याने फेरफार घेतला आणि एका सातबाऱ्याचे दोन सातबारे झाले. तरीही त्या दिवसापासून आमच्या बोलण्यात एक प्रकारची हिशेबी सभ्यता शिरली. पूर्वी ज्या गोष्टीवर आम्ही मोकळेपणाने भांडलो असतो, त्या गोष्टीवर आता आम्ही ‘ठीक आहे’ म्हणून गप्प बसू लागलो. आणि भावाभावांतले ‘ठीक आहे’ हे भांडणापेक्षा अधिक दुरावा निर्माण करते, असा माझा अनुभव आहे. अशा काळात एका संध्याकाळी दादांचा दूरध्वनी आला. “पाऊस लांबला, त्यामुळे नदीला पाणी बरं आहे,” ते म्हणाले, “ये, डोंग्यात बसू, गळ टाकू. बोलला नाहीस तरी चालेल.”

तेव्हापासून पावसाळा सरला की आम्ही पूर्णेवर जातो.

डोंगा ही वस्तू ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. पूर्वी तो एकाच खोडाला कोरून केलेला असे; आता पत्र्याचा असतो. रुंदी इतकी बेताची की दोन माणसे शेजारी बसू शकत नाहीत, एकामागे एक बसावे लागते, आणि तळ इतका उथळ की पुढच्याने उजवीकडे अंग टाकले तर मागच्याला आपोआप डावीकडे सरावे लागते. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट शिकाऱ्यांनी लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून कयाक नावाची जी अरुंद होडी सिद्ध केली, आणि जिची प्लास्टिकची प्रतिरूपे घेऊन आज जगभरचे हौशी लोक नद्यांतून मासेमारीला जातात, तिच्यामागची बुद्धी आणि आमच्या डोंग्यामागची बुद्धी एकच आहे: थोडे पाणी, थोडी जागा, आणि माशाला चाहूल लागणार नाही अशी चाल. आमच्याबरोबर येणारा वृद्ध भोई तर आता डोंगाही वापरीत नाही. ट्रकच्या चाकाची फुगविलेली ट्यूब, तिच्यावर बांधलेली एक फळी, आणि हातांत वल्ह्याऐवजी दोन लहान पाट्या, एवढ्या सामग्रीवर तो डोहभर जाळे सोडून येतो. धरणांच्या पाण्यावरही विदर्भातले मच्छीमार ट्यूब आणि थर्माकोल यांवरच बसून हिंडताना दिसतात. डोंगा त्याने आम्हांला दिला, आणि देताना एकच ताकीद दिली: “डोंग्यात उभे राहू नोका भाऊ. एकजण उभा राह्यला का दोघंही पाण्यात जाता.”

दादा पुढे बसतात, गळ त्यांच्या हाती. मी मागे, वल्हे माझ्याकडे. अशा बैठकीत भावाचे तोंड दिसत नाही, पाठ दिसते. दादांच्या मानेवर, केसांच्या रेषेखाली, एक आडवी खोल घडी आहे. वडिलांच्या मानेवर अगदी त्याच ठिकाणी ती होती, आणि लहानपणी बैलगाडीत त्यांच्या मागे बसून मी ती पाहत असे, हे मला इतक्या वर्षांत कधी आठवले नव्हते. समोरासमोर बसून जे बोलता आले नसते ते पाठीशी बोलता येते. दादाही पाण्याकडे पाहत बोलतात. त्यांना उत्तर द्यायचे नसले तर तरंडीकडे लक्ष असल्याचे निमित्त असते, आणि मला उत्तर ऐकायचे नसले तर मी वल्हे मारतो. शेताचा, मोजणीचा, आईच्या शेवटच्या आजारपणातल्या खर्चाचा विषय आमच्यात प्रथम निघाला तो या डोंग्यात, आणि निघाला तसा मिटलाही.

आम्ही बहुधा ऋणमोचनाच्या खालच्या अंगाने निघतो. भातकुली तालुक्यातले हे पूर्णाकाठचे तीर्थ मुद्गलेश्वराचे. पौष महिन्यातल्या रविवारी येथे यात्रा भरते. १९०५ साली घरदार सोडून निघालेल्या डेबूजी जानोरकरांनी, म्हणजे गाडगेबाबांनी, आपल्या लोकसेवेच्या आरंभकाळात येथे यात्रेकरूंच्या सोयीसाठी घाट बांधविला. घाट दृष्टीआड होईपर्यंत दादा गळाला हात लावीत नाहीत. देवापुढे होणाऱ्या पशुहत्येविरुद्ध बाबा जन्मभर कीर्तनांतून बोलत राहिले, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला तोही याच पूर्णेला मिळणाऱ्या पेढी नदीच्या काठी, वलगावजवळ. अशा पूर्णेवर आम्ही हौसेने मासे धरावेत काय, हा प्रश्न मी दादांना सरळ विचारला आहे. त्यांचे उत्तर असे की, खाण्यापुरता मासा धरावा, लहान मासा सोडून द्यावा, आणि ज्याचे पोट नदीवर आहे त्याच्या डोहात आपला गळ कधी टाकू नये. हे उत्तर बाबांना पटले असते असे मी म्हणणार नाही. परंतु त्यात एक मर्यादा आहे, आणि दादा ती काटेकोरपणे पाळतात.

मासे धरणे हे काही केवळ भोयांचे किंवा केवळ साहेबांचे कर्म नव्हे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांचे वर्णन करताना मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान दिले. माशांच्या जाती, त्यांना चारावयाचे अन्न, गळ, दोरी आणि काठी यांचे तपशील त्यात आहेत. राजाने ज्या आस्थेने आमिषाचा विचार केला त्याच आस्थेने दादा सरकीच्या ढेपेचा चुरा कणकेत मळतात. तरंडी म्हणून ज्वारीच्या धांड्याचा वीतभर तुकडा, खाली बारीक शिसे, आणि त्याखाली गळ. तरंडी नुसती थरथरली तर झिंगे किंवा बारीक मासळी टोचत आहे असे समजावे. ती आडवी पडून हळूच सरकू लागली तर रोहू किंवा मृगल. आणि एका झटक्यात पाण्याखाली गेली तर शिंगटा, ज्याच्या पंखातला काटा हातात शिरला तर दिवसभर ठणका राहतो. हे सारे ज्ञान दादांना त्या भोयाने दिले, आणि ते घेताना दादा, जे सबंध नोकरीभर दुसऱ्यांना हुकूम देत आले, शाळकरी मुलासारखे कान देऊन ऐकत होते.

एकदा थडीलगतच्या पाणवनस्पतींपाशी पाण्याच्या पृष्ठभागावर तांबूस रंगाचा एक पुंजका हलताना दिसला. जवळ गेल्यावर कळले की ती मरळीची पिले; शेकडो, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, एकत्र वर येत आणि एकत्र खाली जात होती, कारण मरळीला नुसते पाण्यातले श्वसन पुरत नाही, वर येऊन हवा घ्यावी लागते. पिलांच्या खाली, गढूळ पाण्यात, मनगटाएवढी जाड काळपट सावली स्थिर होती. पिले सरकली की ती सरके. मरळ नर-मादी दोघेही पिलांची राखण करतात, जवळ येईल त्याच्यावर झडप घालतात, आणि नेमक्या याच कारणाने त्या दिवसांत ती सहज गळाला लागते. अशी मरळ बाजारात चांगल्या भावाने जाते. दादांनी काठी उचललेली मी पाहिली. मग त्यांनी ती आडवी करून मांडीवर ठेवली. ट्यूबवरून भोई म्हणाला, “तिचे लेकरं हायेत भाऊ तिथं. तिले नेलं का बाकीचे मासे त्याइले एका दिसात खाऊन टाकतेत.” आम्ही डोंगा मागे घेतला. बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

नदी मात्र पूर्वीची राहिलेली नाही. विश्रोळीला पूर्णेवर धरण झाले. चंद्रभागा, सापन, शहानूर, वान आणि दक्षिणेकडची काटेपूर्णा या साऱ्यांवर धरणे झाली. त्यांबद्दल तक्रार करण्याचा मला अधिकार नाही, कारण पूर्णेचे खोरे हे खारपाणपट्ट्याचे खोरे आहे. येथे विहिरीला पाणी लागले तरी ते तोंडात घालवत नाही, आणि पिढ्यानुपिढ्या बायकांनी गोड्या पाण्यासाठी जी पायपीट केली ती धरणांच्या पाण्याने कमी केली. नदीच्या मध्यावर बसून आम्हीसुद्धा घरून आणलेलेच पाणी पितो. परंतु रोहू, कतला, मृगल हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना आषाढ-श्रावणाचा पूर लागतो, थडी ओलांडून पसरलेले उथळ, वाहते पाणी लागते. म्हणूनच जलाशयांत दरवर्षी मत्स्यबीज आणि बोटुकली आणून सोडावी लागतात. पावसाळ्याच्या तोंडी, ठरलेल्या काही दिवशी, धरणांतून थोडा प्रवाह नदीत सोडला गेला पाहिजे, आणि तो सिंचनाच्या वेळापत्रकात हक्क म्हणून मांडला गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

राज्यकर्त्यांना नदी नेहमी हद्द म्हणून सोयीची वाटत आली. अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या रणानंतर आणि गाविलगड पडल्यानंतर, डिसेंबर १८०३ मध्ये देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडून गेला. वर्धा नदी दोन राज्यांची शीव ठरली. आजही ती अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांना वेगळे करते. कौंडिण्यपूरच्या घाटावर उभे राहिले की पैलतीर दुसऱ्या जिल्ह्यात असतो. पण पाण्यात जाळे टाकणाऱ्याने ही शीव कधी पाहिलेली नाही. त्याच्या लेखी नदी म्हणजे दोन काठांच्या मधली सलग जागा, आणि दादांच्या व माझ्या लेखीही आता तेच.

आमच्या वाटणीत एक गोष्ट मात्र सुटून गेली होती, आणि ती डोंग्यातच ध्यानात आली. गावातून नदीवर जाणारी भोयांची पायवाट आमच्या शेतातून जाते. वडिलांच्या, आजोबांच्या काळापासून तिची वहिवाट आहे. कोणी विचारले नाही, कोणी अडविले नाही. नव्या धुऱ्याने तिचे दोन तुकडे केले, आणि दोन्ही सातबाऱ्यांवर तिचा कोठेही उल्लेख नव्हता. आज आम्ही दोघे आहोत. उद्या मुलांनी शेत विकले, नव्या मालकाने तारेचे कुंपण घातले, तर ट्यूब खांद्यावर घेऊन पहाटे निघणाऱ्या इसमाने कोणाकडे दाद मागावी? विदर्भासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, १९६६ च्या कायद्यात, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची खास तरतूद आहे; शासनाच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीतून व पाण्यातून पाणी नेण्याचा, वाटेचा आणि मासेमारीचा जो रिवाज गावात चालत आला असेल, तो वाजिब-उल-अर्जात नोंदवावयाचा असतो. दादांनी तहसील कचेरीत जाऊन आमच्या मौज्याचे कागद काढविले, आणि त्या पायवाटेच्या नोंदीसाठी आम्ही दोघांनी एका अर्जावर, एकाखाली एक, सह्या केल्या. वाटणीनंतर एकाच कागदावर आमची दोघांची नावे आली ती तेव्हाच.

पूर्णा, वर्धा, पेढी, शहानूर, काटेपूर्णा, मोर्णा, यांपैकी कोणत्याही नदीच्या काठी ज्यांचे वडिलोपार्जित शेत आहे आणि ज्यांच्या घरात वाटणीची बोलणी चालू आहेत, त्या वाचकांना माझी विनंती आहे की, मोजणी होण्यापूर्वी भावाभावांनी मिळून आपल्या गावाचा वाजिब-उल-अर्ज तहसील कचेरीतून काढून वाचावा, आणि नदीकडे जाणारी वाट त्यात नसेल तर ती आधी नोंदवून घ्यावी.