दोनशे शब्द

लंडनमध्ये घर बदलले आणि नव्या घरात मोबाईलला रेंज मिळेना. करार रद्द करण्याची विनंती कंपनीने फेटाळली. मीही तत्त्वाचा प्रश्न करून मासिक हप्ते थांबवले. तक्रार चालू असतानाच माझ्या नावापुढे 'डिफॉल्ट' लागले. क्रेडिट रेकॉर्डला कारणे कळत नाहीत. भरले की थकले, एवढेच कळते. पुढे पैसे भरले तरी ही नोंद ६ वर्षे राहते, हे गृहकर्ज नाकारले गेले तेव्हा उमगले. १९७४ च्या ब्रिटिश कन्झ्युमर क्रेडिट कायद्यानुसार नोंदीसोबत आपली बाजू २०० शब्दांत जोडता येते. लिहायला बसलो. राग वगळल्यावर जेमतेम चार ओळी उरल्या. निषेध नोंदवून हप्ते भरत राहिलो असतो, तर त्यांचीही गरज पडली नसती.